भूलतज्ज्ञाच्या हाती इको

सांगली-मिरजेत किंवा कराडात कुणाचं मोठं ऑपरेशन ठरलं की घरात एक शब्द फिरू लागतो: फिटनेस. जतहून किंवा आटपाडीहून खुब्याचं हाड मोडलेल्या आजीला घेऊन आलेला मुलगा रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी आणि छातीचा एक्स-रे पिशवीत घालून या खिडकीवरून त्या खिडकीवर जातो. शेवटी त्याला सांगितलं जातं, ‘टूडी इको करून आणा, मग भूलवाले बघतील.’ इकोवाले डॉक्टर त्या दिवशी नसले तर दुसरा दिवस. मग कागद येतो, त्यावर ‘ईएफ ६० टक्के’ असं काहीतरी छापलेलं असतं आणि आजी थिएटरात जाते.

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मोडलेला खुबा घेऊन पलंगावर पडून राहणं सोसत नाही. न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी धरते. हे ऑपरेशन ३६ ते ४८ तासांच्या आत उरकावं असं जगभरचे जाणकार सांगतात ते यासाठीच. इकोच्या रांगेत गेलेला दिवस या हिशेबातून वजा होतो.

या सगळ्या फेऱ्यात भूलतज्ज्ञाची भूमिका कागद वाचणाऱ्याची आहे. ज्या हृदयाला तो दोन तास सांभाळणार, ते त्याने स्वतः पाहिलेलं नसतं. गेली वीसेक वर्षं जगभर एक प्रश्न चर्चेत आहे: भूलतज्ज्ञाने स्वतःच छातीवर प्रोब ठेवून हृदय का पाहू नये? आणि पाहायचं तर शिकाऊ भूलतज्ज्ञाला ते शिकवायचं कुणी, किती आणि कशावर? सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या जमिनीवर उभं राहून या प्रश्नाकडे पाहिलं, तर त्याचे असे काही कंगोरे दिसतात जे परदेशी पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत.

ही जमीन वैद्यकीय शिक्षणाला नवखी नाही. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत मिशनचं रुग्णालय उभं केलं ते १८९४ साली, आणि काही वर्षांतच तिथे वैद्यकीय शाळाही सुरू झाली. त्याच गावात १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. त्याच्या विद्यार्थ्यांची मिरज आणि सांगलीच्या सिव्हिलमध्ये आजही ये-जा असते. कराडला कृष्णाचं महाविद्यालय १९८४ पासून आहे, ते आता कृष्णा विश्व विद्यापीठाचा भाग आहे. सांगलीत भारती विद्यापीठाचं महाविद्यालय २००५ पासून, आणि साताऱ्याचं शासकीय महाविद्यालय तर अगदी अलीकडचं. रुग्ण येतात ते या दोन जिल्ह्यांतूनच नव्हे. सोलापूर, कोल्हापूर, बेळगाव, विजापूरकडूनही येतात. शिकायला लागतात ती हृदयं, चांगली आणि बिघडलेली दोन्ही, इथे भरपूर आहेत.

इको म्हणजे ध्वनीच्या लहरी पाठवून परत आलेल्या प्रतिध्वनीतून हृदयाचं चित्र उभं करणं. स्वीडनमधल्या लुंड इथे १९५३ साली इंगे एडलर हे डॉक्टर आणि हेल्मुट हर्ट्झ हे पदार्थवैज्ञानिक यांनी ते पहिल्यांदा केलं. धातूतल्या भेगा शोधायचं यंत्र त्यांनी माल्मोच्या जहाजबांधणी कारखान्यातून उसनं आणलं होतं. पुढची तीन दशकं इको हृदयरोगतज्ज्ञांच्या खोलीतच राहिला. थिएटरात तो आला तो अन्ननलिकेत सोडायच्या प्रोबच्या रूपाने, म्हणजे टीईईच्या, आणि तोही हृदयशस्त्रक्रियेपुरता. शल्यविशारद छाती उघडून उभा असताना डोक्याच्या बाजूला बसलेला भूलतज्ज्ञ झडप नीट बसली की नाही ते सांगू लागला. अमेरिकेत या विद्येची स्वतंत्र परीक्षा १९९८ मध्ये सुरू झाली. १९९९ च्या तिथल्या मार्गदर्शिकेत टीईईची २० दृश्यं होती, २०१३ मध्ये ती २८ झाली. साध्या, प्राथमिक तपासणीसाठी मात्र ११ पुरेत असं ठरलं. या शेवटच्या, लहान आकड्याकडे लक्ष द्यावं. सगळं शिकवायचा हट्ट सोडला तेव्हाच ही विद्या सामान्य भूलतज्ज्ञापर्यंत पोचली.

टीईईचं इथेच आटोपतो. तो प्रोब महाग असतो, रुग्णाला बहुतेकदा गुंगी किंवा भूल द्यावी लागते, आणि अन्ननलिकेला इजा होण्याचा थोडा का होईना धोका असतो (अमेरिकेतल्या ७,२०० हृदयशस्त्रक्रियांच्या एका मालिकेत टीईईचे सगळे उपद्रव मिळून ०.२ टक्के). आपल्याकडे तो हृदय-भूलशास्त्राच्या डीएमचा किंवा फेलोशिपचा विषय आहे, आणि तिथेच असावा. तीन वर्षांच्या एमडीत सर्वांना शिकवण्याजोगा इको म्हणजे छातीवरून करायचा, मोजक्या प्रश्नांपुरता, पलंगाशेजारचा.

प्रश्न पाच आहेत. डावा कप्पा नीट आकुंचन पावतो का? उजवा कप्पा फुगलाय का? हृदयाभोवती पाणी साचलंय का? हृदय रिकामं आहे का? आणि एखादी झडप ठळकपणे अरुंद किंवा गळकी आहे का? डेन्मार्कमधल्या आरहूसच्या भूलतज्ज्ञांनी याच धर्तीवर ‘फेट’ नावाची चार ठिकाणांची पद्धत बसवली आणि ती जगभर शिकवली. २०१४ मध्ये अशा मर्यादित इकोसाठी आंतरराष्ट्रीय शिफारसीही आल्या. त्यांचा गाभा एकच: हृदयरोगतज्ज्ञाच्या सविस्तर इकोची ही छोटी आवृत्ती समजू नये. ही शारीरिक तपासणीची पुढची पायरी आहे, स्टेथोस्कोपच्या पंक्तीत बसणारी.

डावा कप्पा किती टक्के रक्त बाहेर फेकतो याचा आकडा, म्हणजे ईएफ, काढायला नवशिक्याला वेळ लागतो. चांगला, मध्यम की वाईट एवढं डोळ्याने ओळखायला मात्र तो लवकर शिकतो. विहिरीवरची मोटर पाणी ओढतेय की नुसतीच घरघरतेय, हे शेतकऱ्याला मीटर न बघता कळतं, तसं. आणि भूलतज्ज्ञाचं काम बहुतेक वेळा त्या अंदाजावर भागतं.

झडपांचं तसं नाही, आणि सगळ्यात जास्त घात होतो तो तिथेच. महाधमनीची झडप अरुंद असलेल्या आजीला सवयीने पूर्ण डोसाचं स्पायनल दिलं तर कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी पडतं. धडधाकट हृदय जास्त रक्त फेकून ते भरून काढतं. अरुंद दारातून जास्त रक्त जाऊच शकत नाही. मग हृदयाच्या स्वतःच्या स्नायूलाच रक्त कमी पडतं, आणि एकदा हृदय थांबलं की छाती दाबूनही फारसं हाती लागत नाही. दुसरं टोक बाळंतपणाच्या खोलीत दिसतं. लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन गेलेला, त्याकडे कुणी लक्ष दिलेलं नाही, आणि पहिल्या गरोदरपणात नवव्या महिन्यात दम लागतोय. ‘दिवस भरलेत म्हणून दम लागतो’ असं घरचेही म्हणतात आणि कधी डॉक्टरही. प्रत्यक्षात मायट्रल झडप अरुंद झालेली असते. सिझेरियनच्या वेळी नाडी वाढली, सलाईन जरा जास्त गेलं, की फुप्फुसं भरतात. श्रीमंत देशांत हा आजार जवळपास पुस्तकातच उरलाय. त्यामुळे परदेशी अभ्यासक्रमांत त्याला फारशी जागा नसते. मिरजेच्या किंवा कराडच्या विद्यार्थ्याला तो पहिल्या वर्षातच दाखवायला हवा.

आता उपयोगाचा पुरावा. तो दोन्ही बाजूंनी बोलतो. २०११ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या २ लाख ६४ हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास आला. मोठ्या, आधी ठरवून केलेल्या आणि हृदयाशी संबंध नसलेल्या ऑपरेशनांपूर्वी सुमारे १५ टक्के लोकांचा इको झाला होता. सारख्या प्रकृतीच्या रुग्णांशी तुलना केली तेव्हा इको केलेल्यांचे मृत्यू कमी निघाले नाहीत, उलट किंचित जास्तच निघाले, आणि रुग्णालयातला मुक्कामही लांबला. नोंदींवरून केलेला अभ्यास आहे, इकोने माणसं दगावली असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. पण सरसकट इकोला पाठवल्याने जीव वाचतात, या समजुतीला त्यात आधार मिळत नाही. अमेरिकन हृदयरोग संघटनांची २०१४ ची मार्गदर्शिकाही तेच म्हणते: केवळ ऑपरेशन आहे म्हणून इको नको; दम लागण्याचं कारण कळत नसेल, हृदय निकामी होत चालल्याची लक्षणं बदलली असतील किंवा झडपेची शंका असेल, तर करा.

दुसरीकडे, २०१२ मध्ये मेलबर्नच्या गटाने पूर्वतपासणीच्या दवाखान्यात स्वतः भूलतज्ज्ञाकडूनच मर्यादित इको करवला. १०० रुग्ण, सगळे पासष्टीच्या पुढचे किंवा हृदयविकाराची शंका असलेले. त्यातल्या ५४ जणांच्या बाबतीत आधी ठरवलेला बेत बदलला. काहींची तयारी वाढवावी लागली, काहींची आधी ठरलेली जादा तयारी सोडून देता आली.

हे दोन अभ्यास शेजारी ठेवले की आपल्या ‘फिटनेस’च्या प्रथेचं दुखणं उमगतं. पहिल्यात इको कुणी दुसऱ्याने, दुसऱ्या दिवशी केला. दुसऱ्यात ज्याला निर्णय घ्यायचाय त्याने, त्याच वेळी, आपल्या प्रश्नासाठी केला. अर्थात बेत बदलला म्हणजे रुग्ण वाचला असं होत नाही. मृत्यू कमी झाल्याचं ठामपणे दाखवणारी मोठी चाचणी या विषयात अजून हवी आहे. तरीही माझा कौल दुसऱ्या पद्धतीला आहे. निदान आजीचा रांगेतला दिवस तरी त्यात वाचतो.

आता प्रत्यक्ष हात शिकतो कसा ते पाहू. याबद्दल छापील मार्गदर्शिकांत फार त्रोटक लिहिलेलं असतं.

रुग्णाला डाव्या कुशीवर वळवायचं, डावा हात डोक्याखाली घ्यायला सांगायचं, म्हणजे फासळ्यांमधल्या फटी उघडतात आणि हृदय छातीच्या भिंतीकडे सरकतं. प्रोब पेनासारखा धरायचा आणि हाताची कड छातीवर टेकवायची. ती टेकली नाही तर चित्र थरथरत राहतं. छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला, तिसऱ्या-चौथ्या फटीत, प्रोबवरची खूण रुग्णाच्या उजव्या खांद्याकडे. पडद्यावर डावा कप्पा, मायट्रल झडप, महाधमनी आणि त्यांच्या वर उजवा कप्पा लांबीत पसरलेला दिसतो. तिथेच, जागा न सोडता, घड्याळाच्या दिशेने पाव वळसा दिला की खूण डाव्या खांद्याकडे येते आणि तोच डावा कप्पा आडव्या छेदात गोल दिसू लागतो. त्याच्या भिंती दर ठोक्याला आत येताना जाड होतात का, हे पाहायची सगळ्यात सोपी जागा ही.

नवशिक्या इथे एक चूक हमखास करतो. चित्र बिघडलं की तो प्रोब सरकवतो, तिरका करतो आणि फिरवतो, सगळं एकदम. मग काय केल्याने चित्र गेलं आणि काय केल्याने परत येईल, याचा पत्ताच लागत नाही. चांगला शिक्षक त्याचं मनगट धरतो आणि म्हणतो, ‘एका वेळी एकच.’ दुसरी चूक जेलची कंजुषी. तिसरी, पडद्याऐवजी स्वतःच्या हाताकडे बघत राहणं.

हृदयाच्या टोकावरून चारही कप्पे दाखवणारं दृश्य शिकायला सगळ्यात चिवट. प्रोब टोकाच्या थोडा वर किंवा आत पडला की डावा कप्पा तोकडा, गोलसर दिसतो आणि आहे त्यापेक्षा जोमदार भासतो. म्हणजे चूक होते ती नेमकी रुग्णाला धोक्यात घालणाऱ्या दिशेने. ‘हृदय छान आहे’ असं आनंदाने सांगणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आधी हे दाखवायला लागतं. पाण्याचंही तसंच. हृदयासमोरची चरबी काळसर दिसते आणि तिला पाणी समजलं जातं. डाव्या छातीतलं पाणी हृदयाभोवतीचं वाटतं. त्यावर एक खूण आहे: खाली उतरणारी महाधमनी शोधा. हृदयाभोवतीचं पाणी तिच्या पुढे संपतं, छातीतलं तिच्या मागे पसरतं.

थिएटरात रुग्ण उताणा, दोन्ही हात बांधलेले, छातीवर चादरी. तिथे बेंबीच्या वर, छातीचं हाड संपतं तिथून प्रोब जवळजवळ आडवा धरून यकृतातून हृदय पाहायचं असतं. गुडघे दुमडायला सांगितले की पोट सैल पडतं. बाकीच्या जागी श्वास सोडून थांबवायचं, इथे घेऊन थांबवायचं. विडी-तंबाखूने छाती फुगलेल्या मामांच्या बाबतीत इतर सगळ्या खिडक्या बंद असतात तेव्हा ही एक उघडी सापडते. शिकाऊ डॉक्टरने ही जागा आधी शिकावी असं माझं मत आहे. बरेच अभ्यासक्रम तिला शेवटी ठेवतात.

आणखी एक गोष्ट इथल्यापुरती. पदव्युत्तर प्रवेश देशभरातून होतात, त्यामुळे भूलशास्त्राच्या वर्गात केरळचे, उत्तर प्रदेशचे, राजस्थानचे विद्यार्थी असतात. ‘मावशी, डाव्या कुशीवर वळा’, ‘श्वास सोडा, आता थांबा’, ‘झालं, घ्या श्वास’ ही वाक्यं त्यांना प्रोब धरायच्या आधी शिकवायला हवीत. बाईमाणसाच्या छातीवर प्रोब ठेवायचा असतो. पडदा, सोबत बाई कर्मचारी आणि दोन शब्दांत काय करणार ते सांगणं, हे कौशल्याचाच भाग आहे. परवानगी न विचारता सुरू झालेला इको कितीही सुबक निघाला तरी तो नापास.

शिकवण्याच्या साधनांवर संशोधन पुष्कळ झालंय. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ६१ निवासी भूलतज्ज्ञांना दोन गटांत विभागून एकाला पुतळ्यावरचं सिम्युलेटर दिलं, दुसऱ्याला व्याख्यान आणि चित्रफीत. २०१२ मध्ये छापलेल्या या अभ्यासात सिम्युलेटरवर शिकलेले सरस ठरले. टीईईवरच्या अभ्यासांतही साधारण हेच दिसलं. पण यांतले बहुतेक अभ्यास शिकवून झाल्यावर लगेच परीक्षा घेतात. सहा महिन्यांनी त्या हातात काय उरलं, हे फार थोड्यांनी पाहिलं. सिम्युलेटरला घाम येत नाही, तो दम लागून उठून बसत नाही आणि त्याच्या फासळ्या अरुंद नसतात. महागड्या पुतळ्याची वाट बघत बसण्यापेक्षा वर्गमित्राच्या छातीवर सुरुवात करावी. पहिली काही हृदयं निरोगीच हवीत. चांगलं कसं दिसतं ते डोळ्यात बसल्याशिवाय बिघडलेलं ओळखू येत नाही.

किती इको केले म्हणजे हात बसला? ब्रिटनमध्ये अतिदक्षता विभागातल्या प्राथमिक इकोच्या मान्यतेसाठी देखरेखीखाली केलेले ५० इको नोंदवहीत असावे लागतात. अमेरिकेत प्राथमिक टीईईसाठी १५० तपासण्यांचा अभ्यास आणि त्यातल्या ५० स्वतःच्या हाताने, असा दंडक होता. आकडे सोयीचे असतात, पण नोंदवही भरणं म्हणजे काय ते आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यापेक्षा प्रत्येक इकोच्या दोन-चार सेकंदांच्या फिती साठवून आठवड्यातून एकदा शिक्षकाने त्या पाहाव्यात. सही खोटी मारता येते, फीत नाही.

इथे एक बाजूचा पण बोचरा मुद्दा. भारतातल्या भूलशास्त्राच्या प्रबंधांचा एक लाडका विषय आहे: पोटातली मोठी अशुद्ध रक्ताची नीला, आयव्हीसी. ती श्वासागणिक किती मिटते यावरून स्पायनलनंतर बीपी पडेल का हे सांगता येतं का, अशा प्रबंधांना तोटा नाही. कारण सोपं आहे. आयव्हीसी पट्टीने मोजता येते, आकडा मिळतो, आकड्यांचं कोष्टक होतं. स्वतः श्वास घेणाऱ्या रुग्णात या मोजमापाचा भरवसा किती, यावर निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, हा भाग वेगळाच. प्रबंधापायी विद्यार्थी ढीगभर आयव्हीसी मोजतो आणि एमडी होऊन बाहेर पडताना त्याला डावा कप्पा दिसत नाही. मार्गदर्शकांनी त्याच रुग्णांवर, त्याच वेळी आणखी दोन दृश्यं काढायला लावली तरी केवढं काम होईल.

शिकवणार कोण, हा खरा अडसर आहे. आज प्राध्यापकपदावर असलेल्या पिढीतल्या बहुतेकांनी स्वतः एमडी करताना इको हातात धरला नव्हता. सकाळी आठला थिएटर सुरू होतं, संपायला दुपार उलटते. इकोची खोली दुसऱ्या मजल्यावर, दुसऱ्या विभागाची. तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांना वाटणारी धास्ती खोटी नाही: अर्धवट शिकलेला भूलतज्ज्ञ ‘इको नॉर्मल’ म्हणून मोकळा झाला आणि झडप सुटली तर? त्यावर उपाय हद्द आखण्यात आहे. भूलतज्ज्ञाने अहवाल लिहायचा नाही. पाच प्रश्नांची उत्तरं ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘कळत नाही’ यांपैकी एक, आणि ‘कळत नाही’ आलं की रुग्ण थेट हृदयरोगतज्ज्ञाकडे. अशी हद्द लेखी ठरली, की विद्यार्थ्यांना दोन-तीन आठवडे इकोच्या खोलीत पाठवणं हा मानापमानाचा विषय राहत नाही. तिथे दिवसभरात जेवढी हृदयं दिसतात तेवढी थिएटरात महिन्यात दिसत नाहीत.

आणि आता कायदा. परदेशी लेखांत ही अडचण तुम्हाला सापडणार नाही.

आपल्याकडे सोनोग्राफीचं यंत्र हे नुसतं यंत्र नाही. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा; २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. गर्भ पाहू शकणारं कुठलंही यंत्र नोंदणीशिवाय विकता येत नाही, ठेवता येत नाही. गर्भवतीवर सोनोग्राफी केली की तिची नोंद ठेवणं बंधनकारक. २०१२ च्या दुरुस्तीने उचलून नेता येणाऱ्या यंत्रांवर आणखी बंधनं आली: नोंदवलेल्या इमारतीच्या आत, तिथे दाखल असलेल्या रुग्णांसाठी, किंवा फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणूनच ते वापरायचं. शिवाय एका डॉक्टरने एका जिल्ह्यात दोनपेक्षा जास्त सोनोग्राफी केंद्रांत काम करायचं नाही.

हे सगळं कुणाच्या तरी लहरीने आलेलं नाही, आणि या भागात तर नाहीच. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८५१ मुली होत्या. शेजारच्या कोल्हापुरात ८३९. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला पुरलेले १९ भ्रूण सापडले आणि सगळा महाराष्ट्र हादरला. सोनोग्राफी केंद्रांवर बनावट गिऱ्हाईक पाठवून गुन्हे उघडकीला आणणारी ‘लेक लाडकी’ मोहीम साताऱ्याची. ती चालवणाऱ्या ॲड. वर्षा देशपांडे यांना २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. या दोन जिल्ह्यांत ‘डॉक्टरांना यंत्र खिशात घालून फिरू द्या’ असं म्हणायला तोंड नाही.

पण या कायद्याची गाठ भूलतज्ज्ञाच्या रोजच्या जगण्याशी कशी पडते ते पाहा. एमडी झालेला बहुतेक भूलतज्ज्ञ एका जागी नोकरी करत नाही. सकाळी विट्यात सिझेरियन, दुपारी इस्लामपुरात अपेंडिक्स, रात्री कराडला अपघाताचा रुग्ण, असा त्याचा दिवस असतो. त्याची औषधं, लॅरिंगोस्कोप, नळ्या त्याच्या बॅगेत असतात. परदेशात फोनला जोडायचा प्रोबही त्या बॅगेत जातो. इथे तो गेला तर गुन्हा. म्हणजे तीन वर्षं महाविद्यालयात मेहनतीने शिकलेलं कौशल्य बाहेर पडल्यावर वापरायला यंत्रच नाही, आणि ज्या रुग्णालयात यंत्र आहे तिथे ते रेडिओलॉजिस्टच्या नावावर, कुलपात. वापरात नसलेला हात काही महिन्यांत विसरतो. सगळ्यात विचित्र गोष्ट अशी, की दम लागलेली गर्भवती, जिचं हृदय पाहायची सगळ्यात जास्त गरज, तिच्याच बाबतीत प्रोब उचलायला डॉक्टर सगळ्यात जास्त कचरतो.

कायदा सैल करावा असं मी म्हणणार नाही. जिथे मोठी ऑपरेशनं होतात त्या रुग्णालयाने थिएटरसाठी, फक्त हृदयाचा प्रोब असलेलं एक यंत्र रीतसर नोंदवावं, आणि तिथे नियमित येणाऱ्या भूलतज्ज्ञांची नावं त्या नोंदणीत घालावीत. दोन केंद्रांची मर्यादा हृदयापुरत्या यंत्राला लावायची का, हे समुचित प्राधिकाऱ्यांपुढे लेखी मांडायचं काम भूलतज्ज्ञांच्या संघटनेचं आहे. ‘लेक लाडकी’च्या कार्यकर्त्यांना त्या बैठकीला आधी बोलवावं. शिकाऊ डॉक्टरांना तर हा कायदा पहिल्या आठवड्यातच, प्रोबच्या बरोबरीने शिकवावा. बऱ्याच ठिकाणी तो यंत्राला सील लागल्यावर कळतो.

शिक्षणाच्या दृष्टीने एक नवी संधी मात्र चालून आलेली आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्हा पातळीवरच्या सरकारी रुग्णालयात काढावे लागतात. साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय काय किंवा कराडचं वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय काय, अशा ठिकाणी हृदयरोगतज्ज्ञ रोज हाताशी असतोच असं नाही, रुग्ण मात्र रोज असतात. पाच प्रश्नांचा इको जिथे खरोखर उपयोगी पडतो ती हीच जागा. विद्यार्थ्याने तिथे जाण्याआधी महाविद्यालयात हात बसवून घेतला, तिथल्या नोंदणीकृत यंत्रावर त्याचं नाव घातलं गेलं, आणि फिती पाहायला महाविद्यालयातला शिक्षक आठवड्यातून एकदा मोकळा असला, तर हे तीन महिने कारणी लागतील. आज त्यांचा बराचसा वेळ हजेरीपटावर सह्या करण्यात जातो, अशी कुरकूर सार्वत्रिक आहे.

एवढं सगळं झालं तरी आपल्याकडचा विद्यार्थी शिकतो ते परीक्षेला येतं तेच. त्यात त्याला दोष देण्यासारखं काही नाही. अमेरिकेच्या भूलशास्त्र मंडळाने २०१८ पासून आपल्या प्रात्यक्षिक परीक्षेत इको वाचणं घातलं. आपल्याकडे मिरज आणि साताऱ्याच्या शासकीय महाविद्यालयांची परीक्षा नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं, कराड आणि सांगलीच्या दोन संस्था अभिमत विद्यापीठांच्या. या तिघांना विनंती आहे: एमडीच्या टेबलावर ईसीजी, एक्स-रे आणि धमनीतल्या रक्तवायूंच्या रिपोर्टाच्या (एबीजी) शेजारी हृदयाची हलती फीत प्रत्येक परीक्षेला, न चुकता ठेवा, आणि एका निरोगी माणसाच्या छातीवर दोन दृश्यं काढून दाखवायला सांगा. त्यासाठी नवं यंत्र घ्यावं लागत नाही. तीसएक चांगल्या फिती आणि त्या वाचता येणारे दोन परीक्षक एवढ्यावर काम सुरू होतं.